जिवाणू बीजाणू ‘सोडतो’ की ‘धरतो’?

प्रश्न असा आला आहे: ‘जैवपटलातले जिवाणू बीजाणू सोडतात’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि पेशींबद्दलच्या इंग्रजी ‘डिफरन्शिएट’ला इथे मराठीत काय म्हणायचं? (जैवपटल म्हणजे बायोफिल्म, चिकट द्रव्यात एकत्र राहणाऱ्या जिवाणूंचा थर; बीजाणू म्हणजे स्पोअर.)

‘सोडतात’ नको. ते बुरशीला शोभतं; ती ढिगाने बीजाणू हवेत सोडते आणि स्वतः मागे उरते. बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूचं तसं नाही. अन्न संपत आलं की त्याच्या पेशीत अगदी एका टोकाशी आडपडदा तयार होतो. धाकटा भाग आणि थोरला भाग. थोरला धाकट्याला पोटात घेतो, त्याच्यावर थरावर थर कवच चढवतो आणि काही तासांत स्वतः फुटून संपतो. एका पेशीमागे बीजाणू एकच. संख्या वाढत नाही, जीव तगतो.

म्हणून कळीचं फूल होतं तसं ‘जिवाणूचा बीजाणू होतो’ म्हणावं. मला त्याहून आवडतं ते ‘धरणे’. झाड बी धरतं, दाणा भरला की धाट वाळतं. ‘जिवाणू बीजाणू धरतो’ म्हटलं की त्या थोरल्या भागाचं वाळून जाणंही कानाला ऐकू येतं.

‘बीजाणू’ शब्द शाळेच्या पुस्तकांतला. विश्वकोशात ‘बीजुक’ आहे. मूळ ग्रीक शब्दातही पेरणीचाच अर्थ आहे. पण बीज म्हटलं की पुनरुत्पादन डोळ्यांपुढे येतं, तेव्हा जिवाणूंसाठी पहिल्यांदा तरी ‘अंतर्बीजाणू’ लिहावं. जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी १८७६ मध्ये वर्णन केला तो हाच.

आता ‘डिफरन्शिएट’. ‘फरक करतात’ हे साफ चूक. शास्त्रात ‘विभेदन’ रूढ आहे, सोप्या लेखनात ‘वेगवेगळी रूपं घेतात’ पुरतं. एकाच जैवपटलात, तीच जनुकं असूनही, काही पेशी पोहत राहतात, काही चिकट द्रव्य स्रवतात, काही बीजाणू धरतात. स्पो-झीरो-ए नावाचं प्रथिन थोडं सक्रिय झालं तर चिकट द्रव्य, बरंच झालं तर बीजाणू. त्यामुळे आज चिकट द्रव्य करणारी पेशी पुढे बीजाणूही धरू शकते. थरातून वर उठलेल्या बारीक सुळक्यांच्या टोकांवर बीजाणू जास्त सापडतात.

तेव्हा वाक्य असं करा: ‘जैवपटलातले काही जिवाणू बीजाणू धरतात.’ ‘काही’ मात्र गाळू नका. विभेदनाचा सगळा अर्थ त्या एका शब्दात आहे.