शंख बघून गोगलगायीचं कुळ ओळखता येतं का? पावसात गोव्यातल्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, दिसणारी डाव्या वळणाची आणि ती मोठी आफ्रिकन, दोन्ही एकाच कुळातल्या का?

नाहीत. आफ्रिकन ती अकॅटिनिडे कुळातली, आपल्याकडची डावी बहुतेक वेळा अरिओफँटा, म्हणजे अरिओफँटिडे. पण नुसता शंख बघून कुळ ठरवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याच पोफळीवरची अरिओफँटा डब्यात घालून प्रॅक्टिकलला नेली आणि दिसली तशी जर्नलात काढली. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे धरलं की तोंड डाव्या हाताला. श्वासरंध्रही डावीकडेच. सरांनी लाल पेनाने फुली मारली, शेरा दिला 'आकृती उलटी'. मी झाकण काढून डबा पुढे केला. गोगलगाय चांगली बाहेर आली होती, चारही शिंगं ताणलेली. सरांनी मान वळवली नाही. पुस्तकात उजवी, म्हणून उजवीच! आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "देवाचा दक्षिणावर्ती शंख तरी वेगळा असतोच ना?" आजीचं बरोबर होतं. पूजेतला दक्षिणावर्ती म्हणजे प्राणिशास्त्राच्या हिशेबाने डाव्या वळणाचाच. आणि वळण उलटलं की शंखाबरोबर आतलं शरीरही आरशातल्यासारखं उलटतं, जननरंध्रसुद्धा बाजू बदलतं.

कुळ बघायचं तर शेपटीकडे बघा. अरिओफँटिडेमध्ये शेपटीच्या टोकाला चिकट स्रावाची खाच असते आणि तिच्यावर शिंगासारखा उंचवटा. आफ्रिकनला हे नाही. पक्कं ठरतं ते जननेंद्रियं उघडून पाहिल्यावर. ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन या गोगलगायींच्या अभ्यासकांनी 1908 मध्ये अरिओफँटा झोनिटिडे कुळात घातली होती, आज अरिओफँटिडे हे कुळ वेगळं धरतात. एवढ्या जाणत्यांची मांडणी बदलते, तर पाठ्यपुस्तकातली एक आकृती प्रमाण कशी मानायची? समोरचा प्राणी प्रमाण.

उजव्या वळणाच्या जातीतही क्वचित एखादी डावी निघते, तेव्हा एकाच नगावरून निकाल देऊ नका. आफ्रिकनला उघड्या हाताने धरू नका, उंदराच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या तिच्यात असू शकतात. ती कृमी माणसाच्या मेंदूपर्यंत जाते. अरिओफँटा बघून झाली की होती त्याच झाडावर सोडा. मी माझी त्याच संध्याकाळी पोफळीवर सोडली होती.