पोरगं पुस्तकाला हातच लावत नाही

प्रश्न: ताई, मुलगा सातवीत आहे, मंगळवार पेठेत राहतो आम्ही. पुस्तक म्हटलं की पळतो, शाळा सुटली की फुटबॉल नाहीतर मोबाईलवर कुस्तीचे व्हिडिओ. वाचनाची गोडी कशी लावू?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर: अहो, गोडी आहेच की त्याला, फक्त ती कुस्तीची आहे, तर तिथूनच सुरुवात करा. मोबाईल हिसकावून घेऊ नका, उलट शेजारी बसून एक व्हिडिओ बघा आणि खाशाबा जाधवांचा विषय काढा. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मेडल आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल, आणि जायला पैसे नव्हते म्हणून आपल्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं, एवढं सांगून थांबा. बाकीचं त्याला वाचू दे. पेपरचं खेळाचं पान, कॉमिक्स, दिवाळी अंकातली चित्रं, सगळं वाचनच आहे, जाड पुस्तकाचा हट्ट मला तरी पटत नाही.

करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जा, १८५० सालापासूनची लायब्ररी आहे, आणि पुस्तक त्यालाच निवडू दे, तुम्ही लांब उभ्या राहा. दहा पानांत कंटाळला तर परत करू दे, खरंच काही बिघडत नाही. आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलास' नको हं, त्यापेक्षा जेवताना 'मग पुढं काय झालं रे' विचारा.