यूकेमध्ये स्पीडिंगचे ३ पॉइंट्स लागले तर लायसन्स आणि इन्शुरन्सवर काय परिणाम होतो?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलीत, गेल्या वर्षी इथली टेस्ट पास झालात आणि आता ताशी ३० मैलांच्या झोनमध्ये ३६ ने गेल्याची नोटीस आलीय. मित्र म्हणतो, १२ पॉइंट्स (नियम मोडल्यावर लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) होईपर्यंत काळजी नाही. कृपा करून मित्राचं ऐकू नका. तीन वर्षांत १२ झाले की कोर्ट सहसा किमान सहा महिने गाडी चालवायला बंदी घालतं, हे खरं. पण टेस्ट पास झाल्यापासून पहिली दोन वर्षं ही मर्यादा फक्त ६ आहे. भारतातली वर्षं त्यात धरत नाहीत. नव्या चालकांसाठीच्या १९९५ च्या कायद्याच्या लेखी तुम्ही नवशिकेच.

आमच्या ओळखीतल्या नागपूरच्या एका अशाच नवशिक्या मुलाने लाल सिग्नलला थांबलेला असताना फोन हातात घेतला. २०० पाउंड दंड आणि एका फटक्यात ६ पॉइंट्स! लायसन्स रद्द झाल्याचं पत्र आलं. पुन्हा प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), पुन्हा थिअरी, पुन्हा प्रॅक्टिकल. तोवर गाडीला ‘एल’ची पाटी आणि शेजारी लायसन्सवालं कुणीतरी हवंच. त्याची रात्रपाळी, वेअरहाउसकडे त्या वेळी बस नाही. फार हाल झाले बिचाऱ्याचे.

नोटिशीला २८ दिवसांत उत्तर द्या, गाडी कोण चालवत होतं ते खरं लिहा. ‘बायकोचं नाव टाक’ असं सुचवणारे भेटतात. माजी मंत्री ख्रिस ह्यून यांचे २००३ मधले स्पीडिंगचे पॉइंट्स पत्नीने स्वतःच्या नावावर घेतले होते. २०१३ मध्ये दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली.

स्पीड अवेअरनेस कोर्सची (दंड-पॉइंट्सऐवजी वेगाच्या धोक्यांबद्दलचा वर्ग) ऑफर आली तर डोळे झाकून घ्या. फी भरावी लागते, पण पॉइंट्स लागत नाहीत. नाहीतर कमीत कमी १०० पाउंड, ३ पॉइंट्स आणि रेकॉर्डवर ‘एसपी३०’ हा स्पीडिंगचा कोड, तोही चार वर्षं.

इन्शुरन्सवाले मात्र पाच वर्षांपर्यंतचं विचारतात. प्रीमियम वाढेल, किती ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून चार ठिकाणी प्रीमियम किती पडेल ते विचारून घ्या. पण पॉइंट्स लागलेले असताना फॉर्मवर ‘कन्व्हिक्शन (गुन्ह्याची नोंद) नाही’ असं टिक करू नका. लायसन्स नंबरवरून त्यांना सगळं दिसतं, ऐन क्लेमच्या वेळी पॉलिसी रद्द करतात आणि पुढची प्रत्येक कंपनी विचारते, ‘याआधी पॉलिसी रद्द झाली होती का?’