जपानी येत नाही, मी शाकाहारी आहे. टोकियोत एकटीने साके बारमध्ये जावं का? तिथली संध्याकाळ कशी असते?

नक्की जा, आणि टेबल मागू नका, काउंटरवरच बसा. मी नऊ वर्षं टोकियोत निशि-कासाईला राहते. आपली बरीच माणसं इथे आहेत, त्यामुळे तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन आलेल्या कितीतरी जणींना मी सोबत नेलंय. तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या कामाने येताय, एकच संध्याकाळ मोकळी आहे आणि बारमध्ये एकटीने बसायचा संकोच वाटतो. इथे ऑफिस सुटल्यावर एकटी बाई काउंटरवर बसून एक ग्लास आणि दोन बशा संपवते आणि घरी जाते. कोणी वळूनही बघत नाही.

मी जाते ती जागा मोन्झेन-नाकाचोला आहे. तोझाई लाइनवर निशि-कासाईपासून चौथं स्टेशन. तोमिओका हाचिमान आणि फुकागावा फुदो-दो या दोन मोठ्या देवस्थानांच्या आसपास इथे अरुंद गल्ल्या आहेत आणि त्यांत आठ-दहा खुर्च्यांचे छोटे बार. दारावर कापडी पडदा लावलेला असेल तर दुकान उघडं आहे असं समजायचं. आत शिरताना एक बोट दाखवायचं, म्हणजे ‘एकच माणूस’.

बसल्याबरोबर हात पुसायला ओला टॉवेल येतो, थंडीत गरमगरम. पाठोपाठ न मागवता एक छोटी वाटी येते. तिला ‘ओतोशि’ म्हणतात. ती फुकट नसते, तीन-चारशे येन बिलात लागतात. पहिल्यांदा आलेल्यांना हे फसवल्यासारखं वाटतं, पण ती बसायच्या जागेचीच किंमत आहे, आणि टिप द्यायची पद्धत इथे अजिबात नाही. तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्या वाटीत बहुतेक वेळा मासळीचा अंश असतो. म्हणून बसतानाच सांगा: ‘निकु तो साकाना वा ताबेरारेमासेन’, मांस-मासे खाता येत नाहीत. हे वाक्य फोनवर जपानी लिपीत लिहून ठेवलंत तर आणखी सोपं.

आता मागवायचं काय? जपानीत ‘साके’ म्हणजे कुठलीही दारू. आपल्याला हवी ती तांदळाची, तिला ‘निहोन्शु’ म्हणा. बाटल्यांवरची अक्षरं वाचत बसू नका, दोन शब्द पुरतात. ‘जुनमाई’ म्हणजे तांदूळ, कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी), यीस्ट आणि पाणी, वरून अल्कोहोल घातलेलं नाही. ‘गिन्जो’ म्हणजे तांदळाचा दाणा घासून साठ टक्के किंवा त्याहून कमी उरवलेला, आणि ‘दाईगिन्जो’त पन्नास टक्के किंवा त्याहूनही कमी. बाहेरच्या थरातले प्रथिनं आणि चरबी काढून टाकली की फळांसारखा नाजूक वास येतो. पहिला ग्लास गार गिन्जोचा घ्या. बऱ्याच ठिकाणी ग्लास चौकोनी लाकडी मापात ठेवतात आणि ग्लास भरून खाली सांडेपर्यंत ओततात. सांडलेलंही तुमचंच. आधी वाकून ओठांनी एक घोट घ्यायचा, मग ग्लास उचलायचा, आणि शेवटी मापातलं ग्लासात ओतून घ्यायचं.

पण एकच ग्लास घेऊन उठणार असाल तर माझं ऐका, आणखी थोडा वेळ थांबा आणि जुनमाई गरम करून मागा. ‘ओकान दे’ एवढं म्हटलं की झालं. याच्यासाठीच मी तिथे जाते.

आमच्या बारच्या मालकीणबाई साठीच्या आहेत. त्या चिरोरि नावाच्या कानाच्या भांड्यात साके ओततात आणि ते भांडं गरम पाण्यात सोडतात. उकळतं पाणी नसतं, नुसती वाफ दिसते. थर्मामीटर शेजारी खिळ्याला टांगलेला असतो, पण मी त्यांना तो वापरताना पाहिलेलं नाही. त्या मध्येच भांडं उचलतात, बुडाला तळहात लावतात, मान किंचित हलवतात आणि परत पाण्यात ठेवतात. दुसऱ्यांदा उचललं की चिमुकल्या कपात ओततात. कप नाकाशी नेला की भाताची वाफ येते, झाकण काढल्यावर पहिली येते तीच. रोज भात शिजणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा वास ओळखीचा करून द्यावा लागत नाही. तीच बाटली गार असताना धारदार लागली होती, आता ती गोलसर लागते आणि पोटात उतरल्यावर कळते. जपानीत या तापमानांना पाच-पाच अंशांवर नावं आहेत. पाच अंश म्हणजे ‘युकिबिए’, बर्फाचा गारवा. दहा म्हणजे ‘हानाबिए’, फुलांचा गारवा. तीस म्हणजे उन्हाची ऊब आणि पस्तीस म्हणजे ‘हितोहादा’, माणसाच्या अंगाची ऊब. ज्या भाषेत दारूच्या कोमटपणाला अशी नावं आहेत, तिथे ती घाईने प्यायची नसते हे आपोआप समजतं.

आणि सोबत खायचं हवंच. आपण चकणा म्हणतो, इथे ‘त्सुमामि’. पण आपला चकणा दारूची चव मारायला असतो, हा चव जुळवायला असतो. त्याचं कारणही छान आहे. तांदळावर ती कोजी बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच टाकीत, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) आणि सोया सॉसही याच कोजीवर बनतात. म्हणजे कपात आणि बशीत एकाच घरची भावंडं असतात. कोजी वापरून साके करण्याच्या या पारंपरिक विद्येची 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली.

शाकाहाऱ्याने हे मागवावं: ‘मोरोक्यु’, म्हणजे गार काकडी आणि शेजारी दाणेदार मिसोचा गोळा. काकडी आपण मीठ लावून खातो, एकदा अशी खाऊन बघा. ‘नुकाझुके’, म्हणजे तांदळाच्या कोंड्यात मुरवलेल्या भाज्या, हलक्या आंबट. आणि मिळालं तर ‘इबुरि-गाक्को’ सोडू नका. हे मुळ्याचं लोणचं. अकिता भागात बर्फामुळे मुळा बाहेर वाळवता येत नाही, म्हणून तिथे तो चुलाण्यावर टांगून धुरवतात आणि मग कोंड्यात घालतात. पातळ चकती, वर क्रीम चीज. चावताना कडकन आवाज येतो आणि तोंडभर चुलीवर भाजलेल्या वांग्याचा धूर पसरतो. गरम जुनमाईबरोबर मला याहून चांगली जोडी सापडलेली नाही. एदामामे, म्हणजे उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगा, तर असतातच. गार तोफू मागवलात तर ‘कात्सुओबुशि नाशि दे’ सांगा, नाहीतर वर सुक्या माशाचा कीस भुरभुरून येतो. मिसो सूप आणि आगेदाशि तोफू (तळून रसात दिलेला तोफू) दिसायला निरुपद्रवी असतात, पण त्यांचं पाणी बहुतेक वेळा माशाचंच असतं. टेंपुराबरोबरच्या (आपल्या भज्यांसारखा तळलेला प्रकार) बुडवायच्या रसाचंही तेच, म्हणून भाज्यांचं टेंपुरा मिठाबरोबर मागा.

साके पंधरा-सोळा टक्के असते आणि पाण्यासारखी उतरते. शेजारी पाण्याचा ग्लास मागून घ्या आणि जितकी साके तितकं पाणी प्या. तोही इथला रिवाजच आहे, कोणी हसणार नाही. शेजारचा माणूस तुमच्या कपात ओतायला बाटली उचलेल, तेव्हा कप दोन्ही हातांनी धरा आणि मग त्याच्या कपात तुम्ही ओता. नको असेल तर कपावर हात ठेवा, तेवढं समजतं. प्यायल्यावर भाड्याच्या सायकलवर बसू नका, इथे तो सायकलस्वारासाठीही गुन्हा आहे. ट्रेनच घ्या.

मला दोन कप आणि तीन बशा मिळून साडेतीन हजार येनच्या आसपास लागतात. बिल हवं असेल तर दोन तर्जन्यांची फुली करून दाखवा. निघताना ‘गोचिसोसामा’ म्हणा. आमच्या मालकीणबाई हात पुसत दारापर्यंत येतात आणि गल्लीचं वळण येईपर्यंत पडद्याशी उभ्या असतात. वळणावर एकदा मागे बघून मान लववा.