वाचक विचारतात : सहा दिवसांत चौदा बिल्डिंग?

प्रश्न : युरोपातल्या मॉडर्न आर्किटेक्चरची एक ग्रुप टूर बघितलीये, सहा दिवसांत चौदा बिल्डिंग दाखवणार म्हणतात. मी आर्किटेक्ट वगैरे नाही, नुसती आवड आहे, आणि खरं सांगायचं तर फोटोत सगळी पांढरी खोकीच दिसतात. ग्रुपबरोबर जावं का एकटीनं आपापलं बघावं?

उत्तर : आवड आहे ना, मग झालं. उलट ग्रुपमधली आर्किटेक्ट मंडळी रेलिंगच्या जॉइंटचे फोटो काढत बसतात आणि बाकीचे ताटकळतात! मला खटकतोय तो चौदाचा आकडा. प्रोग्रॅम नीट वाचा, कुठे आत नेणार आणि कुठे नुसतं बाहेरून दाखवून बस पुढे काढणार ते बघा, कारण या घरांची खरी गंमत आत आहे.

आता पॅरिसजवळच्या प्वासीतलं आर्किटेक्ट ल कॉर्बूझिएचं व्हिला साव्वा हे घर घ्या, १९३१ च्या सुमाराचं. बाहेरून तुमचं ते पांढरं खोकंच, खांबांवर उभं. पण खालच्या मजल्याची काचेची भिंत गोल वळलीये ती मालकांची गाडी खांबांमधून वळून दाराशी यावी म्हणून, गाडीच्या वळणाच्या मापानंच आखलेली. आत जिना आहे आणि रॅम्पही आहे, तुम्ही रॅम्पनंच चढा, घाई करू नका, वर गच्चीपर्यंत घर हळूहळू उलगडत जातं. (छत गळायचं हेही खरं, मालकीणबाईंनी तक्रारीची पत्रं लिहिली होती.) इथे ट्रेननं एकटीनं सहज जाता येतं. बार्सिलोनाच्या पॅव्हिलियनचंही, म्हणजे प्रदर्शनातल्या मंडपाचंही तसंच, १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधलं, पुढच्याच वर्षी पाडलं, आत्ता जे दिसतं ते १९८६ मध्ये परत उभारलेलं. तिकीट काढा, आत जा, ग्रुप कशाला?

ग्रुप कामाला येतो तो चेकमधल्या ब्रनोला. तिथलं व्हिला तुगेनधाट हे घर आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहचं, १९३० चं. हॉलमधल्या भिंतीएवढ्या काचा मोटरनं सरळ खाली जमिनीत उतरतात आणि खोली बागेला उघडी होते! शिवाय ऑनिक्स दगडाची एक भिंत आहे, हिवाळ्यात मावळतीचं ऊन तिच्यावर आलं की ती लालसर उजळते. पण घरात गाइडशिवाय सोडत नाहीत, एका वेळी थोडीच माणसं घेतात आणि तिकिटं कित्येक महिने आधी संपतात. हे जुळवायला कुणी असेल तर त्याला पैसे द्यायला हरकत नाही.

तेव्हा चौदाऐवजी पाच-सहाच नीट दाखवणारी टूर बघा, गाइड कोण आणि ग्रुप केवढा तेही विचारा, सोमवारी काय ठेवलंय ते तपासा कारण प्वासी आणि ब्रनो दोन्ही त्या दिवशी बंद असतात. आणि पैसे भरायच्या आधी सरळ विचारा, तुगेनधाटचं आतलं बुकिंग झालंय का? 'होऊन जाईल हो' असं उत्तर आलं तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका.