वायरलेस माऊस सतत नवे सेल मागतोय? आधी हे बघा

नवीन माऊस घ्यायची घाई करू नका. बहुतेक वेळा माऊस ठणठणीत असतो.

- घड्याळात घालतात ते स्वस्त कार्बन सेल नकोत. 'अल्कलाइन' लिहिलेलेच घ्या. दोन लागत असतील तर जुना-नवा एकत्र नको.
- स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. हात न लावता, व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या.
- कर्सर अडखळला की सगळे आधी सेल बदलतात. थांबा! यूएसबी 3.0 (वेगवान प्रकारच्या) पोर्टच्या रेडिओ-गोंगाटाने डोंगलचा, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेल्या माऊसच्या छोट्या रिसीव्हरचा, 2.4 गिगाहर्ट्झ वायरलेस सिग्नल बिघडू शकतो. डोंगल एक्स्टेन्शन वायरने माऊसजवळ आणा. चांगला सेल उगाच फेकला जाणार नाही.

रिचार्जेबल सेलचं नंतर बघू.