खोलीत कोण होतं?

प्रिय,

गवई बापाबद्दल लेकीनं लिहिलेल्या आठवणींच्या पुस्तकावरचा तुझा परीक्षणाचा खर्डा दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात बुवा देव, तिसऱ्यात राक्षस, आणि शेवटी "आता यांचं गाणं ऐकावं की नाही?" हा प्रश्न टांगून ठेवला आहेस. तो प्रश्न तुझा आहे, पुस्तकाचा नाही, खोडून टाक. लेकीनं बापाबद्दल काय सांगितलं आणि ते तिला कितपत ठाऊक असू शकतं, एवढंच वाचकानं बघायचं. म्हणून माझा जुनाच धोशा: खोलीत कोण होतं?

पेन्सिल घे. घरातला प्रसंग आला की समासात एक अक्षर लिही. स्वतः पाहिलेलं असेल तर 'पा', ऐकीव असेल तर 'ऐ', नुसता तर्क असेल तर 'त'. कोऱ्या पानावर लेखिकेचं जन्मसाल टाक आणि प्रत्येक प्रसंगाशेजारी तिचं तेव्हाचं वय मांड. आईवडिलांचं लग्न, पहिली मैफल, गुरूशी फारकत हे सगळं तिच्या जन्माआधीचं, म्हणजे 'ऐ'. सहाव्या वर्षी कानावर पडलेलं भांडण 'पा' खरं, पण सहा वर्षांच्या पोरीला चढलेला आवाज कळतो, भांडणाचं कारण कळत नाही. ते कारण पुढे कुणीतरी पुरवलेलं असतं, म्हणून त्या वाक्याला वेगळी खूण कर. चाळीस वर्षांपूर्वीचं संभाषण अवतरणचिन्हांत पानभर आलं तर ते रचलेलं आहे. खोटं नव्हे, रचलेलं! हा फरक तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही, आणि मला राग त्याचाच आला.

मुखपृष्ठाच्या आतलं पान बघ. तिथे 'शब्दांकन' म्हणून दुसरं नाव असेल, तर ज्या हळव्या शैलीचं तू कौतुक केलं आहेस ती कदाचित लेखिकेची नसेलच.

मग तारखा. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटं मावत. अशा तबकडीवर कुणी अर्धा तास सलग ख्याल ऐकल्याचं लिहिलं, तर दोन आठवणी एकात मिसळल्या आहेत. एवढ्यानं पुस्तक फेकायचं नाही. त्या पानाच्या मागचीपुढची पानं मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायची.

हे पोलिसी वाचन आहे असं मला ऐकवलं जातं. असू दे. जर्मन संगीतकार बेथोव्हेनचं, त्याचा चिटणीस अँटोन शिंडलर यानं लिहिलेलं चरित्र 1840 मध्ये आलं. बेथोव्हेनला ऐकू येईनासं झाल्यावर भेटायला येणारे वह्यांत लिहून बोलत, तो बहुधा तोंडी उत्तर देई. म्हणजे त्या वह्यांत निम्मंच संभाषण उरलं आहे. त्या वह्या शिंडलरच्या हाती लागल्या, आणि त्यानं बेथोव्हेनच्या मृत्यूनंतर त्यांत स्वतःची वाक्यं घुसडली. ते उघड व्हायला 1970 चं दशक उजाडलं. तोवर किती वाचकांनी "जवळच्या माणसानं लिहिलंय, खरंच असणार" असं म्हटलं असेल! रशियन संगीतकार शॉस्ताकोविचच्या नावावरच्या आठवणी 1979 मध्ये आल्या. त्यातले काही उतारे आधीच छापलेल्या लेखांतले आहेत, हे संगीत-अभ्यासक लॉरेल फे यांनी पुढच्याच वर्षी जुनं छापील शेजारी ठेवून दाखवलं. तेव्हा जवळचा माणूस म्हटलं की विचारायचं: त्या खोलीत होता का, कधी होता, आणि वही नंतर कुणाच्या हाती राहिली?

"घरातलं चव्हाट्यावर आणायलाच नको होतं" आणि "पितळ उघडं पडलं" ही दोन्ही वाक्यं पुस्तक न उघडताही लिहिता येतात. तुझ्याकडे दोन्ही आहेत, एकाच पानावर. बापाच्या दारूबद्दल जिथे 'पा' आहे, तिथे "लेखिकेनं पाहिलं" असं सरळ लिही, शब्द मऊ करू नकोस. तिथे मऊपणा म्हणजे तिच्यावर अन्याय. बापाच्या दुसऱ्या घराबद्दलचं प्रकरण मात्र बहुतेक सगळं 'ऐ' निघेल असा माझा अंदाज आहे. त्या घरातलं कुणी पुस्तकात स्वतःच्या तोंडानं बोलतं का ते तपास. नसेल तर परीक्षणात तसं एक वाक्य हवंच. माझ्या सुरुवातीच्या परीक्षणांत ते वाक्य नाही, आणि छापलेलं आता परत घेता येत नाही.

नवा खर्डा चारशे शब्दांच्या आत बसव. पाठवण्याआधी 'म्हणे' आणि 'बहुधा' किती ठिकाणी आले ते मोजून वर आकडा लिही. शून्य असेल तर पाठवू नकोस.